घोंगडीवरचं पाणी

कुणाबद्दल लिहावं एवढी माझी लायकी नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या घरात तेलुगू बोलतात. मराठी मी शाळेत शिकलो, आणि अजूनही लिहिताना शब्द नीट बसला की नाही याची धाकधूक असते. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर काम करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं कुणाला दाखवून विचारावं असंही घरात कुणी नाही. शिवाय अक्कांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त ओळखणारी माणसं गावोगाव आहेत. त्यांच्यातल्या काहींना मी म्हणून पाहिलं, तुम्ही लिहा. एकानं उत्तर दिलं, "अक्कावर काय लिवायचं? ती एका जागी थांबली तर लिवू की." म्हणून भीतभीत मीच बसलोय. जे चुकेल ते माझं समजा, अक्कांचं नाही.

त्यांचं नाव सुमन. हे मला फार उशिरा कळलं. दक्षिण सोलापुरात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात, आणि त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा त्यांना अक्काच म्हणायची. एका लहान संस्थेत त्या कामाला होत्या. गावात जायचं, माणसं गोळा करायची आणि आपल्या शिवारात पडलेलं पाणी कुठून येतं, कुठं जातं, वाटेत त्याला कसं अडवायचं हे गावाकडूनच ठरवून घ्यायचं, असं ते काम. कागदावर त्याला पाणलोट विकास म्हणतात. अक्का म्हणायच्या, "पळत्याला बसवायचं काम हाय हे."

स्वतः मात्र त्या कधी बसायच्या नाहीत. हे मी लिहिण्यात रंग यावा म्हणून सांगत नाही. चहा उभ्यानं, जेवण उकिडव्यानं, तेही अर्धवट. बैठक चालू असली की त्या लोकांच्या पाठीमागून फेऱ्या मारत बोलायच्या, आणि लोक माना वळवून वळवून बेजार व्हायचे. कुणी खुर्ची पुढं केली तर खुर्चीवर पिशवी ठेवायच्या. घरच्यांबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "आमचे मालक हायेत की. दोघांच्या वाटचं तेच बसत्यात."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये. 'पाणी' या विषयावर व्याख्यान होतं. पडदा लावला होता, माईक लावला होता. अक्का आल्या त्या काखेत एक गाठोडं घेऊन. त्यांनी माईककडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "दप्तरं द्या रं पोरांनो. वह्या काढून घ्या, मागनं बोंबलू नका."

आमच्या पिशव्यांचा त्यांनी स्टेजच्या कडेला ढीग केला. दोन उंचवटे, मधे घळ. मग गाठोड्यातून एक जुनी, विरलेली काळी घोंगडी काढली आणि ढिगावर अंथरली. तांब्याभर पाणी वरून ओतलं. घोंगडी ते पीत गेली. खाली घळीच्या तोंडाशी बऱ्याच वेळानं एक-दोन थेंब आले. मग त्यांनी घोंगडीवर खताच्या पोत्यातला प्लॅस्टिकचा कागद टाकला आणि तितकंच पाणी पुन्हा ओतलं. ते सरळ पळत आलं, स्टेजवरून खाली पडलं आणि पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या सरांची पँट भिजवून गेलं.

सगळा हॉल हसला. सरही हसले, पण पाय वर घेऊन.

"सर, तुमी गावाच्या खालच्या अंगाला बसलाय, त्याला मी काय करू?" अक्का म्हणाल्या. मग आमच्याकडं वळल्या. "सांगा, सर भिजू नयेत म्हणून काय करायचं?"

"सरांना उठवा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"सरांच्या पुढं बांध घाला."

"घातला. भरला. आता?"

सगळे सरांच्या पायांकडं बघायला लागले.

"अरे, वर बगा की! घोंगडी कुणी झाकली ते बगा! सगळे आपले खालीच बगत्यात." हे बोलताना त्यांचा आवाज खरंच चिडलेला होता, जणू आम्ही सगळ्यांनी मिळून तो कागद टाकला होता.

ओली घोंगडी पिळायला त्यांनी मला पुढं बोलावलं, कारण मी जवळ होतो. हात पुसायला मी माझा टॉवेल दिला. त्यांनी तो बोटांत चोळून बघितला. "कुटला रं? लई चांगला हाय."

"वडील बनवतात."

"मग तुझं नाव टावेल." संपलं. त्यानंतर माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. पुढच्या भेटीला मी वडिलांना सांगून एक नवा, निळ्या काठाचा टॉवेल त्यांच्यासाठी नेला. घोंगडी पिळून झाली की त्या त्यालाच हात पुसायच्या. ओल्या लोकरीचा वास कधी मेंढीसारखा, कधी जुन्या पावसासारखा यायचा. त्यांच्याबरोबर जीपमधून गेलेल्या सगळ्यांना तो माहीत आहे.

हिवाळ्यात आमच्या कॉलेजचं शिबिर मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावात लागलं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचं आहे ते एका घरातलं भांडण आहे. गावाच्या वर मोठा माळ होता, आणि माळावरून येणारा ओढा गावाजवळून जात होता. पहिल्या दिवशी शिवार फेरी होती, म्हणजे सगळ्यांनी मिळून शिवार चालत बघायचं. सरपंचांनी ओढ्याच्या काठावर तयारी करून ठेवली होती. नारळ, हळदकुंकू, सतरंजी. ओढा मशीन लावून खोल करायचा त्यांचा विचार होता, आणि फेरी तिथूनच सुरू व्हावी अशी इच्छा.

अक्कांनी नारळ उचलला आणि चालायला लागल्या. "नारळ वर फोडू."

"अक्का, वर काय हाय? दगूड आन् बोराटी."

"तेच दाखवायचंय तुमाला."

सरपंच पांढऱ्या कपड्यांत, मागं आम्ही, त्याच्यामागं बायका. काही बायका हसत होत्या, कारण सरपंचांना एवढं चालताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. माथ्यावर पोचल्यावर अक्कांनी सरपंचांचे खांदे धरून त्यांना वळवलं. "हितनं तुमचं घर दिसतंय का बगा."

"दिसतंय की. टाकी बी दिसती."

"पावसाच्या पाण्याला बी दिसतंय. ते हितनं बगतंय आन् पळतंय. हिथं त्याला धरायला काय हाय? गवताची काडी न्हाय. झाकलेल्या घोंगडीवानी झालाय माळ. आदी ह्याला पाणी प्याया लावू, मग तुमचा ओढा."

सरपंच दम खात होते. "मशीन आलेलं बरं दिसतं ओ, अक्का. हितं पोरं टिकाव मारत बसणार, लोकास्नी काय दिसणार?"

"तुमाला दिसायचं हाय का पाणी पायजे?"

नारळ माथ्यावर फुटला. आम्ही आठवडाभर उतारावर आडवे चर खणले. पाणी त्यात थांबतं आणि मुरतं. कुणी जरा टेकलं की मागून आवाज यायचा, "बसलास व्हय रं? पानी बसतंय का?" आमच्या हातांना फोड आले. गावातला महादेव नावाचा मुलगा रोज आमच्याबरोबर खणायला यायचा. तो मला हळूच म्हणाला, "ह्या गावच्या लेकी सगळ्याच अशा हायेत." तेव्हा मला कळलं की हे अक्कांचं माहेर आहे. त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढ्यांचा कळप माळावर आला. मागं तांबडा फेटा, काठी, आणि एक पांढरं कुत्रं. अक्का थांबल्या. इतक्या दिवसांत त्या एका जागी उभ्या राहिलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

"आलीस व्हय? घरी न येता?" तो माणूस म्हणाला.

"काम हाय अण्णा. सांजच्याला येते."

"येकटी नगं येऊस. पोरं उपाशी दिसत्यात."

ते त्यांचे थोरले भाऊ सिदाप्पा. त्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्या अंगणात जेवलो. ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि पातेलंभर आमटी. सिदाप्पांनी घोंगडीचं टोक हातात धरलं. त्यांच्याच मेंढ्यांच्या लोकरीची ती, बहिणीला त्यांनीच दिलेली.

"विरली की गं. दुसरी घे की."

"नगं. हीच पानी पिती."

"माझ्या मेंढरांची लोकर गावोगाव भिजवत हिंडतीस. मेंढरं हसत असतील मला." ते स्वतःच हसले, आणि अक्काही. त्या अंगणात अक्का चक्क मांडी घालून बसल्या होत्या. ते फक्त त्याच एका रात्रीच्या जेवणाला.

पुढची गोष्ट मला सांगायला जड जाते, कारण त्यात चूक अक्कांची होती, आणि ती त्यांच्या सरळपणातून झाली.

चर खणून भागत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला माळावर गवताचं बी पेरायचं होतं, आणि ते रुजेपर्यंत गुरं-मेंढ्या आत यायला नकोत. म्हणजे चराईबंदी. उन्हाळ्यातल्या ग्रामसभेत अक्कांनी तो ठराव मांडला. मी आणि दोन मित्र मुद्दाम बसनं गेलो होतो. समाजमंदिरात गर्दी होती. ठराव वाचून झाला, हात वर झाले. खालच्या आळीचे सगळे, कारण विहिरी त्यांच्या. मग मागून सिदाप्पा उभे राहिले.

"पावसाळ्यात माळ बंद?"

"व्हय अण्णा. दोन पावसाळे."

"दिवाळीनंतर म्हन, मी आपसूक खाली जातो, मोकळ्या रानात. पावसाळ्यात समद्या शिवारात पेरा असतोय. मेंढरं कुटं नेऊ? तुझ्या हापिसात बांदू?"

लोक हसले. अक्का हसल्या नाहीत.

"अण्णा, गावाचं पाणी हाय..."

"गावाचं हाय. मग माळ कुणाचा? बिरोबाम्होरं बोललीस का? माझ्या दारात येऊन बोललीस का? हितं कागूद वाचून दावतीस मला?" त्यांचा आवाज एकदम उतरला. "माझ्या मेंढरांची लोकर घिऊन साऱ्या मुलखाला शिकवतीस, सुमे, आन् माझ्याच मेंढरांना बंदी."

ते निघून गेले. ठराव मंजूर झाला. टाळ्याही वाजल्या.

परतीच्या वाटेवर महादेवनं मला समजावून सांगितलं. धनगरांच्यात माळाबद्दलचा शब्द बिरोबाच्या देवळात होतो. ज्यानं पाळायचं त्यानं देवापुढची हळद, म्हणजे भंडारा, हातात उचलायचा. एकदा उचलला की कुठला कागद लागत नाही, आणि न उचलता कितीही कागद झाले तरी ते बांधत नाहीत. अक्का त्याच घरात वाढलेल्या. त्यांना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणावं?

मी धीर करून त्यांना विचारलं. बस स्टँडवर त्या फेऱ्या मारत होत्या. त्या थांबल्या नाहीत, मलाच त्यांच्याबरोबर चालावं लागलं.

"आदी अण्णाच्या दारात गेले असते तर खालची आळी काय म्हणाली असती? भावाला सांभाळून घेतलं. त्याच्यासाठी आर्धा माळ सोडला. म्हणून म्हटलं, समद्यांना जे तेच त्याला." बराच वेळ चालल्यावर म्हणाल्या, "समदे आन् तो येक न्हाईत रं, टावेल. हे मला कळाया पायजे होतं."

पावसाळा आला. बी पेरलं गेलं. आणि सिदाप्पांची मेंढरंही माळावर आली. ठराव त्यांना कुणी दाखवायला गेलं नाही. पेरलेलं कोवळं गवत मेंढ्यांनी खाल्लं, चरांच्या कडा खुरांनी ढासळल्या, आणि आम्ही खणलेल्या चरांत गाळ बसला. मी अक्कांबरोबर बघायला गेलो होतो. समोरून कळप आला. पांढरं कुत्रं अक्कांना ओळखून धावत आलं आणि त्यांच्या पायांत घुटमळायला लागलं. अक्कांनी वाकून त्याच्या कानामागं खाजवलं. सिदाप्पा लांब उभे होते. त्यांनी शीळ घातली. कुत्र्यानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि शेवटी तिकडं गेलं. कळप आमच्या दोन्ही बाजूंनी निघून गेला. भावानं हाक मारली नाही. बहिणीनंही नाही.

त्या वर्षी पंचमीला सिदाप्पा त्यांना न्यायला आले नाहीत. आमच्याकडं पंचमीला भाऊ बहिणीला माहेरी नेतो. अक्का त्या दिवशी मोहोळकडच्या एका गावात बैठक घेत होत्या. बैठकीला बाया येणार नाहीत, सण आहे, असं सगळे सांगत होते, तरी घेतली. बाया आल्याच नाहीत.

त्यानंतर त्यांनी घोंगडी आणणं बंद केलं. आमच्या कॉलेजात पुन्हा एकदा कार्यक्रम झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "सतरंजी द्या." सतरंजीवर पाणी ओतलं. ते थोडं मुरलं, थोडं घडीतून भलतीकडं गेलं, आणि डोंगर-घळ काहीच दिसेना. त्यांनी सतरंजी ओढून काढली, पुन्हा घातली, पुन्हा ओतलं. मुलं कुजबुजायला लागली. अक्का मधेच थांबल्या. "जमत न्हाय ह्याच्यानं," म्हणाल्या, आणि कार्यक्रम तिथंच संपवून निघाल्या. प्लॅस्टिकचा कागद स्टेजवरच राहिला. मी तो घडी करून ठेवला, पुन्हा आल्या तर द्यायला.

पुन्हा त्या कॉलेजात आल्या नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यात, पावसाच्या थोडं आधी, त्या मला मंद्रूपच्या आठवडी बाजारात भेटल्या. मी एका मित्राच्या घरी गेलो होतो. त्या हळदीच्या पाटीसमोर उभ्या होत्या. पुडी बांधून घेतली, नारळ घेतला. काखेत घोंगडी होती.

"कुठं निघालात, अक्का?"

"कुटं म्हंजे? तितंच." त्यांनी हळदीची पुडी पिशवीच्या तळाशी घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. "एवढ्या गावांत बोलले रं. सरपंचाशी बोलले, तलाठ्याशी बोलले, आमदाराच्या माणसांशी बोलले. त्याच्या दारात काय बोलायचं, ते सुचंना झालंय."

मी म्हटलं, "बसून बोला, अक्का."

त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की आता ओरडतील असं वाटलं. ओरडल्या नाहीत. बस आली. निम्मी रिकामी होती. खिडकीतून मला दिसलं, सगळ्या जागा सोडून त्या मधल्या वाटेत उभ्या होत्या, एका हातानं वरचा दांडा धरून, पुढच्या काचेतून रस्त्याकडं बघत. बस निघाली तरी बसल्या नाहीत. मी त्यांना पाहिलं ते एवढंच, शेवटचं.

त्यानंतर त्यांचा फोन लागेना. संस्थेत गेलो तर सांगितलं, त्यांनी काम सोडलं. का, कुठं, कुणाला नीट माहीत नव्हतं. त्या सोलापुरात कुठं राहायच्या हेही मला ठाऊक नव्हतं, कारण त्या घरी असायच्याच कधी? महादेव पुण्याला कंपनीत लागला होता, त्यालाही काही कळत नव्हतं. आमच्या घरी नळाला पाणी येतं त्या दिवशी आई भांडी भरत असते, आणि मला उगाच वाटत राहायचं की हे पाणी कुठल्या तरी माळावरून पळत आलंय आणि तिथं त्याला धरायला आता कुणी नाही. अभ्यासाला बसलो की उठायचो. आई तेलुगूत विचारायची, पायाला काय चावलंय का तुझ्या?

परवा महादेवचा फोन आला. सणाला गावी गेला होता. माळावरूनच बोलत होता, वाऱ्याचा आवाज येत होता.

"टावेल, तुझी अक्का घावली."

"कुठं?"

"मेंढरांमागं. हितंच. माझ्या म्होरं हाय."

"कुणाच्या मेंढरांमागं?"

"भावाच्या की. लेका, त्या उन्हाळ्यात आली ती बिरोबाच्या देवळात जाऊन बसली. अण्णा येस्तवर उठलीच न्हाय म्हनं. अण्णानं भंडारा उचलला, पर आर्ध्या माळाचा. वरचा उतार बंद, खालचा मोकळा. आन् म्हनला, येकट्याला मेंढरं आडवाया जमायची न्हाईत, दुसरं मानूस दे. संस्थेचं नगं, घरचं पायजे. मग दिलं की तिनं. सोताच ऱ्हायली. पावसाळाभर वरच्या अंगाला तीच उभी असती."

"आणि त्यांचे मालक?"

"ते बी हितंच. बसलेत अंगणात."

मला हसू आलं. मी विचारलं, अक्का कशा दिसतात. तो म्हणाला, "काळी पडलीया. डोक्यावर घोंगडीची खोळ, आन् गळ्यात टावेल. निळ्या काठाचा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "वर गवत आलंय?"

"आलंय की. लई न्हाय, पर आलंय. चरात पानी हुभं हाय."

एक विचारायचं राहिलं होतं. तेच खरं विचारायचं होतं. "महादेव, दोघं बोलतात का रे एकमेकांशी?"

फोनमधून मेंढ्यांचा आवाज आला, आणि लांबून एका बाईचं ओरडणं, आणि त्यावर एका म्हाताऱ्या माणसाचं ओरडणं.

"बोलत्यात?" महादेव म्हणाला. "आइक की. दिसभर भांडत्यात."